चित्रपटातल्या कुटुंबाचा अभ्यास कसा करावा: ‘टोकियो स्टोरी’ घेऊन एक सराव

समाजकार्य, मानसशास्त्र, गृहविज्ञान, समाजशास्त्र, विषय कुठलाही असो, हा प्रकल्प कधी ना कधी वाट्याला येतोच: एक चित्रपट निवडा आणि त्यातल्या नात्यांना कुटुंबविषयक सिद्धांत लावून दाखवा. पुढे काय होतं तेही बहुधा ठरलेलं. चार पानं कथानक, मग ‘बोवेन यांच्या मते’ म्हणून पुस्तकातली व्याख्या, आणि शेवटी ‘अशा प्रकारे या चित्रपटात हा सिद्धांत दिसून येतो’. यात सिद्धांताने काहीच काम केलेलं नसतं. तो वगळला तरी निबंध जसाच्या तसा राहतो.

म्हणून सुरुवातीपासून एकच कसोटी मनाशी धरा. सिद्धांत लावण्याआधी जे नजरेतून निसटलं होतं, ते लावल्यावर सापडलं का? नसेल, तर एक तर सिद्धांत चुकीचा निवडला किंवा चित्रपट नीट पाहिला नाही.

सरावासाठी जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ घेऊ. कृष्णधवल, २ तास १६ मिनिटांचा. हाच का, तर यात खलनायक नाही, आदळआपट नाही, कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही. ‘पोरांनी आईबापांना विचारलं नाही’ एवढ्या एका वाक्यात तो उरकता येतो, आणि नवखा अभ्यासक नेमका तिथेच फसतो.

गोष्ट अशी: ओनोमिची गावातलं शुकिची आणि तोमी हिरायामा हे म्हातारं जोडपं टोकियोतल्या मुलांकडे जातं. थोरला कोइची डॉक्टर, त्याच्या पाठची शिगे ब्यूटी पार्लर चालवते, दोघांनाही सवड नाही. मधला शोजी युद्धात गेला, त्याची विधवा नोरिको मात्र ऑफिसातून रजा काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते. मुलं पैसे काढून दोघांना आतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवतात. तिथल्या गोंगाटात झोप लागत नाही म्हणून ते लवकर परततात. पुढे गावी जाताना गाडीत तोमीला बरं वाटेनासं होतं, ओसाकात केइझो या मुलाकडे थांबावं लागतं, आणि घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत ती जाते.

पायरी १: एकदा नुसता पाहा

पहिल्या वेळी वही-पेन जवळ नको. फक्त कोणाचा राग आला आणि कोणाची बाजू घ्यावीशी वाटली, एवढं चित्रपट संपल्यावर दोन ओळींत लिहून ठेवा. बहुतेकांना शिगेचा राग येतो आणि नोरिको आवडते. या दोन ओळी जपून ठेवा, पुढे त्यांचीच उलटतपासणी करायची आहे.

पायरी २: कुटुंबाचा नकाशा काढा

याला जेनोग्राम म्हणतात. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, मृत व्यक्तीवर फुली, लग्नाची आडवी रेघ आणि तिच्याखाली मुलं जन्मक्रमाने डावीकडून उजवीकडे. मोनिका मॅकगोल्ड्रिक आणि रँडी गर्सन यांच्या १९८५च्या पुस्तकाने ही पद्धत सर्वदूर नेली. आपल्या जुन्या कुलवृत्तांतांतल्या वंशवृक्षात लेकी बहुधा गळतात, इथे तसं चालत नाही. लेकी, सुना, जावई, सगळे हवेत.

हिरायामांचा नकाशा असा: कोइची, शिगे, शोजी (फुली), केइझो, क्योको. प्रत्येकाखाली गावाचं नाव लिहा. टोकियो, टोकियो, मग फुली, ओसाका, आणि शेवटी ओनोमिची. शाळेत शिकवणारी धाकटी क्योको तेवढी आईवडिलांपाशी आहे. कागदावर आणखी एक अडचण लगेच समोर येते: नोरिकोला कुठे काढायचं? नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मूल नाही, राहते एकटी. तिची रेघ फुली मारलेल्या चौकोनालाच जोडलेली आहे. ही अडचण खोडून टाकू नका, तिथे प्रश्नचिन्ह काढा.

पायरी ३: नोंदवहीतून विशेषणं हद्दपार

दुसऱ्यांदा पाहताना थांबवत थांबवत पाहा. प्रसंगाची वेळ, कोण हजर, कोणी काय केलं, कोण काय म्हणालं, एवढंच टिपा. ‘स्वार्थी’, ‘प्रेमळ’, ‘बिचारी’ हे शब्द वहीत दिसता कामा नयेत.

एक नमुना पाहा. शिगेचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी मिठाई आणतो. शिगे म्हणते, एवढी महागाची कशाला, साध्या कुरकुरीत बिस्किटांवर भागलं असतं. आणि एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकते. नोंद इथे संपते. ‘शिगे कंजूष आहे’ ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. आणि निकालच लिहून ठेवला, की मिठाई जावयाने आणली आणि लेकीने अडवली, ही खरी कामाची गोष्ट वहीतून गळते.

दुसरा नमुना चित्रपटाच्या सुरुवातीचा. आजी-आजोबा येणार म्हणून कोइचीच्या थोरल्या मुलाचं, मिनोरूचं, अभ्यासाचं टेबल खोलीतून हलवलंय. तो आईवर चिडतो, मी अभ्यास कुठे करू? पाहुणे अजून दारातही आलेले नाहीत आणि जागेचा प्रश्न सुरू झाला आहे. एव्हलिन डुव्हाल यांनी १९५७ साली कुटुंबाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्या भाषेत सांगायचं तर शाळकरी मुलांच्या टप्प्यातलं घर आणि उतारवयाच्या टप्प्यातलं घर एका छपराखाली आलं, आणि भांडण टेबलावरून झालं. डुव्हाल यांचा उपयोग या चित्रपटात एवढाच. पुढे ताणू नका.

पायरी ४: आधी प्रश्न, मग सिद्धांत

वर्गात शिकवलेली यादी घेऊन बसलात तर सगळेच सिद्धांत सगळीकडे लागू पडल्यासारखे वाटतील. त्याऐवजी प्रत्येक सिद्धांत कुठला प्रश्न विचारतो ते ओळखा. मरे बोवेन आणि साल्वादोर मिनुचिन यांचा व्यवस्था-सिद्धांत (कुटुंब म्हणजे एकमेकांत गुंतलेली एक व्यवस्था, असं मानणारा) विचारतो: एकाच्या वागण्याची दोरी दुसऱ्या कोणाच्या हातात आहे, आणि घराच्या सीमारेषा कुठे आहेत? रूबेन हिल यांचं १९४९चं ताणाचं सूत्र विचारतं: संकट काय, हाताशी काय होतं, आणि घराने त्या संकटाचा अर्थ काय लावला? थिबो आणि केली यांचा १९५९चा देवाणघेवाण सिद्धांत विचारतो: नात्यातून जे मिळतं ते माणूस कशाशी ताडून पाहतो? ब्रॉन्फेनब्रेनर (१९७९) घराबाहेरच्या वर्तुळांकडे बोट दाखवतात: नोकरी, शहर, कायदा.

तुमच्या नोंदींत जे कोडं सुटत नाही, त्याला साजेसा प्रश्न विचारणारा सिद्धांत घ्या. दोन पुरेत. चार घेतलेत, तर चारही वरवरचे होतील.

पायरी ५: सिद्धांत प्रत्यक्ष लावून पाहा

कोडं पहिलं, शिगे. आतामीहून आईवडील लवकर परतले की तिच्या कपाळाला आठी पडते, कारण त्या रात्री तिच्याकडे व्यवसायातल्या बायकांची बैठक आहे. पार्लरमधल्या गिऱ्हाइकाला ती सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत. आईबापांना ओळखीचे म्हणते! पायरी १ मधला राग इथलाच.

आता नोंदवहीतल्या दोन नोंदी शेजारी ठेवा. पहिली: शहर पाहून झाल्यावर नोरिको सासू-सासऱ्यांना आपल्या खोलीवर नेते, शेजारणीकडून साके (जपानी दारू) आणि प्याले उसने आणते. सासरे प्यायला बसल्यावर तोमी हसत हसत सांगते, हे पूर्वी फार प्यायचे, घरात दारू नसली की चिडायचे. मुलगा झाला की दर वेळी मनात यायचं, हा तरी पिणारा निघू नये. नोरिको सांगते, शोजीही प्यायचा, शेवटची गाडी चुकली की मित्रांना घेऊन घरी यायचा. दुसरी नोंद: काही रात्रींनंतर पोलीस शिपाई शुकिची आणि त्याच्या मित्राला, दोघेही तर्र, शिगेच्या दारात आणून सोडतो. दोघं पार्लरच्या खुर्च्यांतच कलंडतात. शिगे नवऱ्यापाशी धुसफुसते: पूर्वी असेच पिऊन यायचे, आईला त्रास व्हायचा, आम्हाला नको वाटायचं, क्योको झाली तेव्हा कुठे सोडली, आणि आता पुन्हा तेच.

बोवेन यांची मांडणी इथे कामाला येते. घरातली वागण्याची तऱ्हा पिढी ओलांडून पुढे सरकते आणि सगळ्या भावंडांच्या वाट्याला सारखी येत नाही, असं ते म्हणतात. आईने ज्याची धास्ती घेतली तेच शोजीत उतरलं, हे त्याच्याच बायकोच्या तोंडून कळतं. आणि शिगे व क्योको एकाच आईबापांच्या लेकी असल्या तरी त्यांचं बालपण एकाच घरात गेलेलं नाही. शिगेचं पिणाऱ्या बापाच्या घरात गेलं, क्योकोचं दारू सोडलेल्या बापाच्या. अंत्यविधीनंतर शिगेवर सगळ्यात जास्त कोण चिडतं? क्योको. आई गेल्या गेल्या ताईने तिचे कपडे मागितले, हे तिला सहन होत नाही. तिच्या रागात खोट नाही, पण ताईच्या वाट्याला आलेला बाप तिने पाहिलेलाच नाही.

इथेच थांबायचं. शुकिचीला ‘व्यसनाधीन’ ठरवू नका. चित्रपट तेवढा पुरावा देत नाही, आणि निदान करणं हे आपलं कामही नव्हे. ‘म्हणून शिगे निष्ठुर झाली’ असं कार्यकारणही जोडू नका. आई सकाळपर्यंत टिकणार नाही हे कळताच हीच शिगे रडू लागते, आणि टोकियोहून निघताना सुतकाचे कपडे सोबत घ्यायचं भानही तिला असतं. नोरिकोने ते आणलेले नसतात.

कोडं दुसरं: एवढं होऊनही म्हातारा-म्हातारी तक्रार का करत नाहीत? ‘जुनी माणसं सोशिक असतात’ हे उत्तर नव्हे. थिबो आणि केली म्हणतात, समाधान हे मिळकतीवर कमी आणि ‘तुलनेच्या पातळी’वर जास्त अवलंबून असतं. आपल्याला काय मिळायला हवं, ही अपेक्षा माणूस पूर्वानुभवावरून आणि भोवतालच्या लोकांकडे पाहून ठरवतो. गुत्त्यातला प्रसंग म्हणजे या संकल्पनेचा तयार धडा. तीन म्हातारे बसले आहेत: शुकिची आणि त्याचे जुने मित्र हातोरी व नुमाता. हातोरीची दोन्ही मुलं युद्धात गेली. नुमाताचा मुलगा जिवंत आहे, पण नोकरीत मोठा झाला नाही, बापाला जुमानत नाही, याचं त्याला दुःख. शुकिचीही कबूल करतो की कोइचीचं बस्तान याहून चांगलं असेल असं वाटलं होतं, निघाला वस्तीतला साधा डॉक्टर. पण बोलता बोलता तो आपली अपेक्षा खाली आणतो. पुढे ओसाकात तोमीला जरा बरं वाटल्यावर नवराबायको मुलांचा हिशेब मांडतात आणि ठरवतात की आपली मुलं इतरांच्या मानाने बरीच म्हणायची, आपण नशीबवान. मुलं तीच, वागणूक तीच. बदलली ती तुलना. हातोरी शेजारी बसला नसता तर हा हिशेब असाच लागला असता का, हा प्रश्न तुमच्या निबंधात यायला हवा.

देवाणघेवाणीचीच दुसरी संकल्पना, पर्यायांची पातळी, म्हणजे हे नातं सोडून दुसरीकडे काय मिळू शकतं. आईबाप आणि मुलं यांच्यात ती जवळपास निरुपयोगी आहे, कारण इथे सोडून जायची सोय नाही. सोय फक्त एकीला आहे: नोरिकोला. ती दुसरं लग्न करू शकते. तोमी तिच्या खोलीवर मुक्कामाला राहते तेव्हा तिला तेच सांगते, शुकिचीही शेवटी तेच सांगतो. म्हणजे जिला जाण्याची पूर्ण मुभा आहे, तीच थांबली आहे. सकाळी निघताना ती सासूच्या हातात खर्चाला पैसेही ठेवते, सासू नको नको म्हणत असताना. मागचं ऋण फेडणं यात नाही आणि वाटणीची आशाही नाही. देवाणघेवाणीचं गणित इथे गडबडतं, आणि ते गडबडलं हे प्रामाणिकपणे लिहिणं हाच या भागाचा सगळ्यात मोलाचा परिच्छेद ठरेल.

मग नकाशावरच्या प्रश्नचिन्हाकडे परत या. पॉलीन बॉस यांनी ‘सीमारेषेची संदिग्धता’ मांडली: घरात कोण आहे आणि कोण नाही, यावरच घरातल्यांचं एकमत नसणं. नोरिको कोण? तोमीसाठी मृत मुलाची बायको आणि म्हणून जिचं भलं व्हावं अशी पोर. शिगेसाठी, आईबाप आले की सुट्टी काढ म्हणून फोन करता येईल अशी भावजय. आणि स्वतः नोरिको सासऱ्यांना शेवटी सांगते की तुम्ही समजता तितकी मी चांगली नाही, शोजीची आठवणही न येता दिवसच्या दिवस जातात. पायरी १ मध्ये तुम्ही तिला देवी केलं असेल, तर ती ओळ आता पुन्हा वाचा. तिने स्वतःच ती खोडली आहे. शुकिची यावर तिला तोमीचं घड्याळ देतो. सासूचं घड्याळ सुनेला मिळतं, कपडे लेक मागून घेते. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेल्या याचा एक वेगळा तक्ता केलात तर सीमारेषा नकाशाहून जास्त स्पष्ट दिसतील.

पायरी ६: न बसणारा सिद्धांतही लिहा

बॉस यांचीच दुसरी संकल्पना, ‘संदिग्ध हानी’, इथे वापरायचा मोह होतो: युद्ध, गेलेला मुलगा, भिंतीवरचा फोटो. पण ती संकल्पना माणूस जिवंत आहे की नाही हे ठरतच नाही, किंवा तो समोर असूनही मनाने हरवलेला आहे, अशा घरांसाठी आहे. हिरायामांच्या घरी शोजी गेला असंच एकंदरीत धरून चाललेलं दिसतं. तेव्हा ती सोडा. टॅलकट पार्सन्स यांची कमावता पुरुष आणि भावनिक बाजू सांभाळणारी स्त्री ही वाटणीही दोन मिनिटांत मोडते, कारण शिगे स्वतःचा धंदा चालवते आणि नवरा मिठाई आणतो. नाकारलेल्या सिद्धांतावर तीन-चार ओळी लिहिल्या, की परीक्षकाला कळतं, हा विद्यार्थी नुसती नावं चिकटवत नाही.

पायरी ७: देश आणि काळ विसरू नका

हे बहुतेक सिद्धांत विसाव्या शतकातल्या अमेरिकेत घडले. हिल यांनी युद्धामुळे ताटातूट झालेल्या आयोवातल्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. ते जपानला लावताना निदान एवढं माहीत असावं: १९४८ पासून लागू झालेल्या नव्या नागरी कायद्याने ‘इए’ ही जुनी घराणेपद्धत रद्द केली. तोवर घराचा वारसा एकाच वारसाकडे, बहुधा थोरल्या मुलाकडे, जायचा आणि म्हाताऱ्यांची जबाबदारीही त्याच्याकडेच. चित्रपटातला कोइची या बदलानंतर पाचच वर्षांनी वावरतो आहे. आईबापांना आतामीला पाठवण्याचा खर्च तो आणि बहीण मिळून उचलतात, यात जुन्या नियमाची पडझड आणि नव्या नियमाचा अभाव दोन्ही आहेत. मला तर चित्रपटातल्या अवघडलेपणाचं अर्धं मूळ इथेच दिसतं.

‘आपल्याकडेही हेच चाललंय’ हे वाक्य मात्र लिहू नका. तुलना करायचीच असेल तर भारतीय अभ्यासकांचा आधार घ्या. इरावती कर्वे यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक योगायोगाने १९५३चंच. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्यात पाहणी करून १९६४ साली दाखवलं की चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब तुटलं असं होत नाही. पैसा, जबाबदाऱ्या, कार्यप्रसंग यांतून एकत्रपणा टिकू शकतो. हा निकष हिरायामांना लावून पाहा. आई अत्यवस्थ असल्याची तार येताच टोकियोहून सगळे निघतात, ओसाकाचा केइझो कामावर बाहेरगावी असल्याने उशिरा पोचतो. कार्यापुरतं कुटुंब एकत्र आहे. कार्य उरकल्यावर मुलं लगेच परतीच्या गाडीचं बोलू लागतात, तेव्हा देसाईंच्या निकषावर त्यांना किती गुण द्यायचे हे तुम्ही ठरवा.

पायरी ८: परिच्छेद कसा लिहावा

आधी दावा, मग प्रसंग, मग संकल्पना, आणि शेवटी मर्यादा. कथानक सांगायला दहा ओळींहून जास्त जागा देऊ नका. सबटायटलमधल्या एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभारू नका, कृतीवर उभारा. सिद्धांतकाराचं नाव परिच्छेदाच्या सुरुवातीला कधीच नको, कारण तिथे ते आलं की पुढची चार वाक्यं व्याख्येत जातात. नमुना असा:

‘शिगे आणि क्योको वडिलांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात, याचं कारण स्वभावापेक्षा जन्मक्रमात शोधावं लागतं. वडील पिऊन आल्याच्या रात्री शिगे सांगते की क्योकोच्या जन्मानंतर त्यांनी दारू सोडली होती, आणि त्यांच्या पूर्वीच्या पिण्याला नोरिकोच्या खोलीत तोमीनेही दुजोरा दिलेला आहे. घरातला ताण सगळ्या भावंडांत सारखा वाटला जात नाही, ही बोवेन यांची मांडणी या दोन साक्षींना लागू पडते. मात्र कोइचीने त्याच घरात वाढून काय घेतलं याबद्दल चित्रपट गप्प आहे, त्यामुळे हा निष्कर्ष दोन बहिणींपुरताच ठेवला आहे.’